डावा कोपरा

डाव्या हाताची करंगळी तीनदा मोडलीय, मिस्टर हॅनिगन,
आणि तिसऱ्यांदा कुणी नीट बसवलेली नाही.
तो टेबलात तोंड खुपसून हसतो :
तिसऱ्यांदा मॅच चालू होती.

रास अल खैमा, दुपारचे चार.
सिमेंटच्या कारखान्याची धूळ
खिडकीतला डोंगर हळूहळू पुसतेय.
एसीचं पाणी बादलीत.
विम्यात सहाच बैठका बसतात, ही दुसरी.
एक्केचाळीस वर्षांचा माणूस पालथा घालून
मी बोटांनी वाचत जाते :
खांद्यावर टाक्यांच्या दोन ओळी,
एक सावकाश घातलेली, एक घाईत.
उजव्या गुडघ्यात खडी.
आणि बरगड्यांपाशी एक गाठ,
कुणी आपलं कोपर तिथं विसरून गेल्यासारखी.

किती वर्षं खेळलात? तेरा.
किती सामने? एकशे अठ्ठ्याऐंशी.
गोल?
दोन, म्हणाला. मग जरा वेळानं,
एकच. दुसरा खांबाला लागला होता.

हा खेळ मला ठाऊक नव्हता.
उठून बसला, टॉवेलची गुंडाळी केली, सांगत सुटला :
मैदान अंड्यासारखं, चेंडूही तसलाच,
टप्पा पडला की कुठं जाईल ते त्याचं त्यालाही कळत नाही.
समोरचा उंच उडतो, झेलायला.
आपण त्याच्या मागून उडायचं
आणि झेलायचं नाही.
नुसती मूठ.
चेंडू त्याच्या बोटांपासून वीतभर लांब गेला
की झालं काम.
मग टाळ्या?
टाळ्या झेलणाऱ्याला.
आम्हाला, जे घडलं नाही त्याचा पगार.

मी हातावर तेल जरा जास्तच ओतलं.

इचलकरंजीत माझा बाप
दिवसभर चार माग सांभाळायचा,
संध्याकाळी डावा कोपरा.
चढाईवाल्यांची नावं गल्लीला पाठ.
ह्याला हाक मारायची तर, ए कोपरा.
वाकून, मातीत नजर रोवून उभा राहायचा
आणि चालून आलेला घोटा
विस्तवातला निखारा उचलावा तसा धरायचा.
सुटला तर शिवी, धरला तर पुढचा डाव.
घरी भाकरी मोडताना बोटं वळायची नाहीत.
आई काही न बोलता तुकडे करून ताटात सारायची.

बत्तिसाव्या वर्षी क्लबचा फोन आला, रॉस सांगतो.
सहा मिनिटं. शेवटी पलीकडच्या माणसानं
हवापाण्याचं विचारलं.
आता इथल्या शाळेत पोरांना पळवतो,
शनिवारी रात्री भाड्याच्या हिरवळीवर
बँकवाले, तेलवाले, एक दाताचा डॉक्टर
यांच्यासोबत खेळतो.
परवाच्या शनिवारी गंमत झाली म्हणे.
चेंडू वरून आला, सरळ छातीवर,
आसपास वीस पावलांत कुणी नाही.
झेलला असता तर लहान पोरानंही झेलला असता.
मी मूठ मारली.
तो हसला आणि मग हसायचा थांबला.
बादलीतलं टपटप तेवढं ऐकू आलं.

बरं, आता मूठ उघडा, मी म्हणाले.
सावकाश. दहा वेळा.
चार बोटं उघडली. करंगळी
दारात उभ्या पाहुण्यासारखी,
आत यावं की नको.

त्याला विचारून तिचा फोटो काढला
आणि बापाला पाठवला. फक्त हात. काही न लिहिता.
तिकडं साडेपाच वाजून गेलेले, चहाची वेळ.
दोन निळ्या खुणा.
मग त्याचं ते एका बोटानं, अडखळत टाइप करणं,
थांबणं, पुन्हा टाइप करणं.
उत्तर आलं :
डावा का उजवा?

त्यांच्या मैदानाला कोपराच नसतो, बाबा,
असं लिहिलं.
खोडलं.
डावा, पाठवलं.